शिक्षण परिषदेत दीड तास मिळालाय : शिक्षकांना कोडिंगची सुरुवात कशी करून द्यावी?

परिपाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवतो. येत्या महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी मला दीड तास दिला आहे. विषय, संगणकीय विचार (म्हणजे काम छोट्या, नेमक्या पायऱ्यांत मांडून सोडवणं) आणि कोडिंग वर्गात कसं आणायचं. केंद्रात १२ शाळा आणि ३१ शिक्षक आहेत. संगणक चालू स्थितीत असलेल्या शाळा तीनच. बाकीकडे कुठे टॅब कपाटात आहेत, कुठे प्रोजेक्टर आहे पण वीज भरवशाची नाही.

माझ्याकडे हे काम आलं कारण गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना मी स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा, शिकवलं. शाळेत एकच लॅपटॉप, मुलं अठरा. तरी त्यांनी अपूर्णांकांचा एक खेळ केला आणि मला त्यात मनापासून आनंद मिळाला. पण मुलांना शिकवणं वेगळं आणि आपल्याच सहकाऱ्यांना सांगणं वेगळं. समोर माझ्यापेक्षा वीस वर्षं जास्त सेवा झालेले गुरुजी बसणार आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत टप्प्यापासूनच गणिती आणि संगणकीय विचारावर भर द्यावा, आणि सहावी ते आठवीत कोडिंगचे उपक्रम घ्यावेत असं म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार आणण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून चहाच्या सुट्टीत हाच विषय निघतो, आणि बोलण्यात उत्साहापेक्षा धास्ती जास्त असते.

या धास्तीचं कारण मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका प्रशिक्षणाला गेलो होतो. हॉलमध्ये साठ शिक्षक, व्यासपीठावर एक लॅपटॉप. तज्ज्ञांनी भराभर ठोकळे जोडले, पडद्यावर मांजर चालली, टाळ्या झाल्या. आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. शाळेत परत आल्यावर त्यातलं काहीही कोणी वर्गात केलं नाही, मीसुद्धा नाही. कारण आम्ही फक्त पाहिलं होतं. केलं काहीच नव्हतं.

माझ्या मनातला आराखडा : अर्धा तास संकल्पना, मग प्रोजेक्टरवर स्क्रॅच, शेवटी प्रश्नोत्तरं. लिहून काढल्यावर लक्षात आलं की मी त्याच प्रशिक्षणाची छोटी आवृत्ती करतो आहे. म्हणून तुम्हाला विचारतो आहे. ज्यांनी शिक्षकांसोबत असं काही केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

तुकडी_ब

सर, तुम्ही वेळेत थांबलात हे फार चांगलं झालं. मी नाशिकला माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. गेली काही वर्षं आसपासच्या प्राथमिक शाळांतल्या बाईंसोबत बसते, त्या अनुभवावरून सांगते. पहिल्या दिवशी संगणक उघडूच नका. शिक्षक एकदा पडद्यासमोर बसले की त्यांचं सगळं लक्ष "माउस नीट धरता येतोय का, काही बिघडणार तर नाही ना" यात जातं. विचार करायला जागाच उरत नाही.

मी सुरुवात अशी करते. दोघांना पाठीला पाठ लावून बसवायचं. एकाच्या हातात साधं चित्र : चौकोन, त्याच्या डोक्यावर त्रिकोण, आत एक छोटा गोल. त्याने फक्त तोंडी सूचना द्यायच्या आणि दुसऱ्याने चौकटीच्या कागदावर काढायचं. प्रश्न विचारायला मनाई. तीन मिनिटांनी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

घर कधीच घरासारखं येत नाही! छप्पर बाजूला पडतं, गोल भिंतीबाहेर जातो. मग विचारायचं, कुठली सूचना अपुरी होती? एका बाई म्हणाल्या, "मी 'वर त्रिकोण काढा' म्हणाले, पण वर म्हणजे कागदाच्या वर की चौकोनाच्या वर हे सांगितलंच नाही." बस्स, त्यांना बग, म्हणजे सूचनांमधली चूक, सापडला. त्यांनी तो स्वतः शोधला, तोही कोणाला कमीपणा न येता. मग जोड्या बदलायच्या आणि तेच चित्र पुन्हा. दुसऱ्या वेळी लोक आपणहून म्हणू लागतात, "आधी डावीकडून तीन, खालून दोन चौकटी मोजा." निर्देशक भूमिती तिथेच येते.

अशा संगणकाविना कृतींचा मोठा साठा न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीएस अनप्लग्ड' या नावाने केला आहे, १९९० च्या दशकापासून. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकशास्त्रातल्या मंडळींच्या संघटनेने २०१६ मध्ये सीएसपाठशाळा हा उपक्रम सुरू केला, त्यांचाही भर संगणकाशिवायच्या कृतींवरच आहे. बेब्रास ही कोड्यांची स्पर्धा भारतात तेच घेतात. ती लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झाली, नावाचा अर्थ त्यांच्या भाषेत बीव्हर हा प्राणी. त्यातली कोडी पाच मिनिटांची असतात, परिपाठाला एक सहज बसतं.

एक विनंती. चहा करण्याच्या कृतीने सुरुवात करू नका. सगळे तेच करतात, आणि त्यात खरी अडचण अशी की चहाची कृती ऐकणारा माणूस चुका मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. "साखर घाला" म्हटलं की किती ते आपल्याला कळतं. यंत्राला कळत नाही. हा फरक दिसायला ऐकणाऱ्याचे हात बांधलेले हवेत, म्हणून पाठीला पाठ.

---

जुनी_पाटी

मी निवृत्त मराठी शिक्षक. संगणकाचं शिक्षण नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

परिपाठ सर, तुमच्या ३१ जणांत भाषेचे शिक्षक बरेच असतील. ते मागच्या बाकावर जाऊन बसतील, कारण हा गणितवाल्यांचा विषय असं त्यांना वाटेल. त्यांना त्यांच्याच घरातलं काही दाखवा. आम्ही वृत्तं शिकवताना मुलांकडून पाठ करून घेत आलो, "यमाताराजभानसलगा". मलाही ते कित्येक वर्षं फक्त पाठ होतं. माझ्या भाच्याने, तो संगणकात आहे, एक दिवस विचारलं, "मामा, गण आठच का? नऊ का नाहीत?"

उत्तर मला कधी शोधावंसं वाटलं नव्हतं. अक्षर दोनच प्रकारचं, लघु किंवा गुरु. गणात जागा तीन. म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. नववा असूच शकत नाही. संगणक शून्य आणि एक यांवर चालतो तो हिशोब हाच. पिंगल या प्राचीन आचार्यांच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या शक्य रचना क्रमाने मांडण्याची रीत आहे, तिला प्रस्तार म्हणतात. एकही सुटू नये, एकही दोनदा येऊ नये यासाठी ती रीत.

आता ते सूत्र पाहा. अक्षरं दहा. पहिली तीन घ्या, यमाता : लघु, गुरु, गुरु. हा य गण. एक अक्षर सरका, मातारा : तिन्ही गुरु, म गण. पुन्हा सरका, ताराज. असं शेवटच्या सलगापर्यंत गेलं की आठही गण मिळतात, प्रत्येक एकदाच. सुटे लिहिले असते तर चोवीस अक्षरं लागली असती. ज्याने कोणी हे रचलं त्याने केवढा विचार केला असेल!

भाच्याने पुढची गंमत सांगितली. सूत्राच्या शेवटी 'लगा' आणि सुरुवातीला 'यमा', दोन्ही लघु-गुरु. म्हणजे शेवटची दोन अक्षरं काढून उरलेली आठ गोलात बसवली तरी काम भागतं. मी ते एका शाळेत जाऊन करून पाहिलं. आठ मुलं गोलात, गुरु उभे, लघु बसलेले. य बसलेला, मा-ता-रा उभे, ज बसलेला, भा उभा, न आणि स बसलेले. बाकीची मुलं बाहेरून फिरत सलग तिघांकडे बोट दाखवून गण ओळखतात. एका मुलीने पूर्ण फेरी मारली आणि म्हणाली, "आजोबा, परत पहिला आला." गणितात या रचनेला डी ब्रुइन नावाच्या डच गणितज्ञाचं नाव आहे.

मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात. त्याचं लक्षण काय, तर य गण चार वेळा. यालाच तुमच्याकडे लूप म्हणतात, बरोबर ना?

---

परिपाठ

सर, हात जोडून आभार. आमच्या केंद्रात दोन ज्येष्ठ मराठीच्या बाई आहेत. हे त्यांच्यासमोर मी मांडण्याऐवजी त्यांनाच मांडायला सांगतो.

आणि हो, लूपच. "चार वेळा, य."

---

दोनशिक्षकी

थोडं कडू लिहिते, राग मानू नका.

माझी शाळा पहिली ते चौथी, पट १९, शिक्षक दोन. मुख्याध्यापकाचं काम माझ्याकडेच. सकाळी हजेरी ॲपवर, मग पोषण आहाराची नोंद, मग कुठली तरी माहिती "आज दुपारी बारापर्यंत" पाठवायची. एका खोलीत दोन वर्ग घेऊन निपुण भारतची वाचन-गणिताची उद्दिष्टं गाठायची. यात कोणी नवा विषय घेऊन आलं की पहिला प्रश्न मनात येतो, याचीही नोंदवही ठेवायची का? यालाही फोटो टाकायचे का?

परिपाठ सर, तुमच्या समोर बसलेल्या ३१ पैकी निम्म्या जणांच्या मनात हेच असणार. ते तोंडाने बोलणार नाहीत, मान डोलावतील. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत एवढं सांगा की हा वेगळा तास नाही, वेगळी वही नाही. ते खरं असेल तरच सांगा.

आमच्याकडे काय होऊ शकेल याचा विचार केला. रोज परिपाठाला मुलं उंचीप्रमाणे उभी राहतात. मी ओढून उभी करते. त्याऐवजी मुलांनाच नियम दिला की एका वेळी दोघांनीच पाठ लावून उंची पाहायची, बोलायचं नाही, तर ते कसं लावतील?

---

तुकडी_ब

@दोनशिक्षकी, ताई, तुम्ही कडू काहीच लिहिलं नाही. आणि नकळत सॉर्टिंगचा, म्हणजे क्रम लावण्याचा, अख्खा पाठ मांडलात.

आठ मुलं घ्या. आधी फक्त सर्वांत उंच कोण ते शोधायला सांगा आणि किती वेळा पाठ लावली ते फळ्यावर रेघा मारून मोजा. सात वेळा लागेल, नीट केलं तर. मग विचारा, सहात होईल का? मुलं हट्टाने प्रयत्न करतात. शेवटी कोणीतरी म्हणतं की प्रत्येक वेळी एकच जण बाद होतो, सात जणांना बाद करायचंय, मग सहात कसं होणार? चौथीतल्या मुलाने हे बोलून दाखवलं तर ती सिद्धताच आहे.

याची जोडी म्हणून संख्या ओळखा. १ ते १०० मधली संख्या मनात धरायची, समोरच्याने "अमुकपेक्षा मोठी आहे का?" एवढंच विचारायचं. दरवेळी मधून तोडलं तर सात प्रश्न पुरतात. हजारापर्यंत नेलं तर किती? मुलं सत्तर म्हणतात. दहा पुरतात. हा खेळ लहान-मोठी संख्या शिकवताना तुम्ही तसाही घेताच. फक्त "सर्वांत कमी प्रश्नांत" ही अट जोडायची. वेगळी नोंदवही नाही.

---

रुळावर

मी मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन बाजूंनी लिहितो.

पहिली बाजू माझ्या चुकीची. पुण्यात असताना आम्ही काही मित्र शनिवारी एका शाळेत कोडिंग शिकवायला जायचो. आम्ही फळ्याजवळ, वर्गशिक्षिका मागे खुर्चीवर वह्या तपासत. मुलं खूश, आम्ही खूश. आठ महिन्यांनी आमच्या बदल्या झाल्या आणि त्या शाळेतलं कोडिंग त्याच दिवशी संपलं. त्या बाईंना आम्ही एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही घेता का, आम्ही मागे थांबतो. त्या उत्तम शिक्षिका होत्या. कुठलं मूल कुठे अडतं हे त्यांना आमच्यापेक्षा शंभरपट कळत होतं, आणि आम्ही त्यांना प्रेक्षक करून ठेवलं. हे मला अजून सलतं. संगणकवाल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती, शाळेत जाल तेव्हा मागच्या खुर्चीवर तुम्ही बसा.

दुसरी बाजू इथली. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ मध्ये जुना आयसीटी (संगणक वापरायला शिकवणारा) विषय काढून कम्प्युटिंग आणला, वयाच्या पाचव्या वर्षापासून. पहिल्या टप्प्यातच अल्गोरिदम (काम करण्याच्या नेमक्या पायऱ्या) म्हणजे काय आणि साध्या प्रोग्रॅममधली चूक शोधणं आहे. अभ्यासक्रम सुटसुटीत, दोन-चार पानांचा. पण शिकवणारे तेच, ज्यांना काल-परवापर्यंत वर्ड आणि पॉवरपॉइंट शिकवायला सांगितलं होतं. २०१७ मध्ये रॉयल सोसायटीच्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की शिक्षकांना पुरेसा आधार मिळालेला नाही, अनेकांना आत्मविश्वास वाटत नाही. त्यानंतर २०१८ मध्ये सरकारने ८ कोटी ४० लाख पौंड देऊन शिक्षकांसाठी राष्ट्रीय केंद्र उभं केलं. म्हणजे विषय आधी आला, मदत चार वर्षांनी. एवढ्या श्रीमंत देशात हे झालं. परिपाठ सर, तुमचा दीड तास या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे तो विषयाच्या आधी येतोय.

इथल्या शिक्षकांकडून एक रीत मी शिकलो. मुलांना कोरा पडदा द्यायचा नाही. तयार, छोटा, चालणारा प्रोग्रॅम द्यायचा. चालवण्याआधी अंदाज लिहायला लावायचा : काय होईल? मग चालवायचा. मग तपासायचं, ही ओळ काढली तर? मग थोडं बदलायचं. आणि सर्वांत शेवटी स्वतःचं नवीन करायचं. सू सेंटन्स या संशोधिकेने ही पाच पायऱ्यांची मांडणी केली, प्रिम या नावाने ती ओळखली जाते. शिक्षकांनाही हेच लागू. कोऱ्या पडद्यासमोर मोठा माणूसही गांगरतो. मराठी शिकवताना आपण आधी उतारा वाचायला देतो, निबंध नंतर. इथे मात्र सगळे पहिल्या दिवशी निबंध लिहायला लावतात.

---

डोळस

एक पालक म्हणून विचारतो. मागे घरोघरी फोन यायचे, "तुमच्या मुलाला सहाव्या वर्षी कोडिंग नाही शिकवलं तर तो मागे पडेल." आम्ही घाबरून बरेच पैसे भरले, मुलगा महिन्याभरात कंटाळला. आता तर एआय स्वतःच कोड लिहितो. मग जिल्हा परिषदेच्या शाळेत हे आणायचा खटाटोप कशासाठी?

---

तुकडी_ब

@डोळस, तुमची चीड रास्त आहे. भीती दाखवून विकलेलं शिक्षण टिकत नाही.

कोडिंग शिकलं की गणित आपोआप सुधारतं, बुद्धी तल्लख होते, असं आपणही कोणाला सांगू नये. १९८० च्या दशकात लोगो ही भाषा शिकलेल्या मुलांवर न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी अभ्यास केला. नियोजनाच्या कामात लोगो शिकलेली मुलं इतरांपेक्षा पुढे दिसली नाहीत. आपोआप काही होत नाही. शिक्षकाने दोन गोष्टींमधला पूल दाखवला तर होतं. म्हणून तर हा धागा शिक्षकांबद्दल आहे.

एआयचं म्हणाल तर, त्याने लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे ओळखायला सूचना वाचता येणं, चूक कुठे आहे ते शोधता येणं लागतंच. पाठीला पाठ लावून छप्पर कुठे चुकलं ते शोधणारं मूल तेच शिकतंय.

परिपाठ सर, वेळ थोडा आहे म्हणून माझी सर्वांत आवडती कृती देते. हीच मध्यवर्ती ठेवा, बाकी सगळं कमी केलंत तरी चालेल.

लोगो १९६७ मध्ये अमेरिकेत तयार झाली. वॉली फर्झिग, सिमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी केली. तिच्यातलं कासव प्रसिद्ध आहे : पुढे जा, उजवीकडे वळ, मागे रेघ उमटते. पेपर्ट यांचं म्हणणं असं की मुलाला कासवाची चाल कळत नसेल तर त्याने स्वतः कासव व्हावं, जमिनीवर चालून पाहावं. आपल्याला पटांगण आहे, खडू आहे. आणखी काय हवं?

एका शिक्षकाला कासव करा. हातात खडू. बाकीच्यांनी आज्ञा लिहायच्या, समभुज त्रिकोण काढण्यासाठी. बहुतेक सगळे लिहितात :

तीन वेळा : चार पावलं पुढे, ६० अंश उजवीकडे.

त्रिकोणाचा कोन ६०, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यांना चालू द्या, मध्ये बोलू नका. कासव चार पावलं जातं, ६० वळतं, चार पावलं, ६०, चार पावलं. आणि सुरुवातीच्या जागेपासून दूर उभं राहतं. त्रिकोण बंद होतच नाही. पटांगणावर अर्धा षटकोन.

आता शांतता पसरते. कोणीतरी म्हणतं, अंतर चुकलं. कोणी म्हणतं, वळताना सर नीट वळले नाहीत. परत करा म्हणायचं. परत तेच. मग चालणारी व्यक्तीच बहुतेक वेळा पहिली सांगते, कारण तिच्या अंगाला ते जाणवलेलं असतं, "मी सरळ जात होतो ना, तिथून मला जास्त वळायला हवंय." किती जास्त? आतला कोन ६० हवा तर बाहेरून १२०. बहिष्कोन! वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलेला बहिष्कोन पायाला कळतो. १२० टाकलं की त्रिकोण बंद होतो आणि कासवाचं तोंड पुन्हा मूळ दिशेला येतं, पूर्ण ३६० फिरून.

तिथून चौकोनाला किती, पंचकोनाला किती, हे लोक स्वतःच काढतात. आणि तो अर्धा षटकोन पुसू नका. तीन वेळाच्या जागी सहा वेळा केलं की तो पूर्ण होतो. चुकलेल्या प्रोग्रॅममधून दुसरी आकृती मिळते, याचा आनंद फार मोठा असतो.

नंतर हीच आज्ञा स्क्रॅचमध्ये किंवा के-टर्टल या कासव चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून दाखवा. दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर के-टर्टलचे धडे आहेत. पण आधी पटांगण.

---

जुनी_पाटी

यात ठिपक्यांची रांगोळीही येईल का? आमच्या घरी आई ठिपके देताना पुटपुटायची, "एक ते सात, सात ते एक." तीही आज्ञाच झाली.

---

तुकडी_ब

येईल सर, आणि ती नुसती उपमा म्हणून नाही. तमिळनाडूत कोलम काढतात, त्यावर मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७० च्या दशकात संगणकशास्त्रातलं काम केलं. ठिपक्यांभोवतीची वळणं ही एक भाषा मानून तिचं व्याकरण मांडलं. दिवाळीच्या आठवड्यात हे वर्गात घेऊन बघा. मुलीच नाही, मुलंही रांगोळीला बसतात.

---

परिपाठ

मंडळी, परवा परिषद झाली. शब्द दिल्याप्रमाणे सविस्तर लिहितो.

प्रोजेक्टर नेलाच नाही. सुरुवातीला दोनशिक्षकी ताईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं : वेगळा तास नाही, वेगळी वही नाही, फोटो मागणार नाही. त्याआधी केंद्रप्रमुखांना भेटून हे मान्य करून घेतलं होतं, नाहीतर ते खोटं ठरलं असतं. खोलीतला ताण सैल झालेला दिसला. एका गुरुजींनी तेवढ्यावरच पेन खिशात ठेवलं आणि पुढे सरकून बसले.

पाठीला पाठ वीस मिनिटं चालली. सहा मिनिटं धरली होती. लोक थांबायलाच तयार नव्हते, दोन जोड्या तर "तू काय म्हणालास, मी काय ऐकलं" यावर खरंच भांडल्या.

मग पटांगण. कासव म्हणून मी आमच्या केंद्रातल्या सर्वांत ज्येष्ठ गुरुजींना विनंती केली. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. मनात धाकधूक होती, त्यांना अवमान वाटला तर? त्यांनी टोपी काढून शिपाईमामांकडे दिली आणि खडू घेतला. ६० अंशांचा घोळ अगदी तुम्ही लिहिल्याप्रमाणे झाला. आणि उत्तर त्यांनीच दिलं. तिसऱ्या फेरीत ते वळता वळता थांबले, मागे वळून स्वतःची रेघ बघितली आणि म्हणाले, "अरे, मी आतून मोजतोय. चालणारा बाहेरून वळतो." पस्तीस वर्षं ते भूमिती शिकवतायत. नंतर चहा पिताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, सोमवारी आठवीला बहिष्कोन आहे, असाच घेतो.

मराठीच्या बाईंनी गणांचा गोल सुंदर घेतला. पण त्याला दहाच मिनिटं उरली. पुढच्या परिषदेत त्यांना पूर्ण तास मिळावा असं सगळ्यांनीच सुचवलं. संख्या ओळखण्याचा खेळ राहिला. स्क्रॅच पाच मिनिटं लॅपटॉपवर, तेही ज्यांना बघायचं होतं त्यांनीच येऊन पाहिलं.

दोन गोष्टी जमल्या नाहीत. एक, पहिली-दुसरीच्या बाईंना अंश आणि कोन उपयोगाचे नाहीत. त्या विनम्रपणे उभ्या होत्या पण त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. त्यांच्यासाठी चौकटीत "पुढे, डावीकडे, उजवीकडे" एवढंच ठेवायला हवं होतं. दोन, शब्द. मी "संगणकीय विचार" म्हटलं की चेहरे गंभीर होतात. पॅटर्नसाठी आकृतिबंध हा शब्द पाठ्यपुस्तकातला, तो सगळ्यांना आपला वाटतो. अल्गोरिदमला मी शेवटी "रीत" म्हणालो आणि ते लगेच पोचलं. भागाकाराची रीत आपण म्हणतोच.

रुळावर, तुमचं मागच्या खुर्चीचं लक्षात ठेवलं आहे. तीन शाळांनी बोलावलं आहे. जाणार आहे, पण तास त्यांचे शिक्षक घेतील आणि मी मागे बसेन, एवढीच अट घातली. केंद्रप्रमुखांनी महिन्यातून एक अर्धा दिवस त्यासाठी मोकळा दिला आहे.

---

रुळावर

वाचून फार बरं वाटलं. त्या गुरुजींना माझा नमस्कार सांगा.

---

दोनशिक्षकी

सर, माझंही सांगते. आज परिपाठाला उंचीचं केलं. तिसरी-चौथीची आठ मुलं. पहिल्यांदा गोंधळ, रेघा एकोणीस झाल्या. दुसऱ्यांदा अकरा. तिसरीतला एक मुलगा, वाचनात मागे आहे, वर्गात फारसा बोलत नाही, तो पुढे आला आणि हाताने दाखवलं की जिंकलेल्याने तिथेच थांबायचं, हरलेल्याने बाजूला बसायचं. मग सात रेघा झाल्या. सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तो दिवसभर दर तासाला हात वर करत होता.

उद्या पूर्ण रांग लावायची म्हणतायत, नुसता उंच शोधायचा नाही. त्याला आठ जणांत कमीत कमी किती वेळा पाठ लावावी लागेल? मुलांनी विचारलंय आणि मला उत्तर माहीत नाही, असं मी त्यांना सांगितलंय. तुकडी_ब ताई, लगेच सांगू नका. आधी आम्ही दोन दिवस मोजून बघतो, मग इथे आकडा टाकते.